रडणाऱ्या पोराला आधी कडेवर घ्या

काल टपरीवर परत तोच विषय, कारण दिन्याचं पोरगं. तीन वर्षांचं, जूनपासून नर्सरीत, आणि दिवाळीपर्यंत तिसरी टीचर. पहिलीच्या मांडीवर बसून डबा खायला लागलं होतं बिचारं, ती सोडून गेली, आता सकाळी बूट दिसले की उलटी आणि रात्री अंथरूण ओलं.

संदीपशेठ लगेच सुरू. "दोन दिवस रडू द्यायचं, तिसऱ्या दिवशी आपोआप गप्प होतं. आमच्या शाळेत बघ, सीसीटीव्ही, ॲप, दिवसाला बारा फोटो येतात." आमच्या म्हणजे ह्याच्या मेव्हण्याच्या.

मंग्या म्हणाला, "गप्प होतं, कारण कितीही रडलं तरी कोणी येत नाही हे त्याला कळलेलं असतं. त्याचा फोटो येतो का ॲपवर?"

मंग्याची आई ३४ वर्षं अंगणवाडी सेविका होती, त्यामुळे ह्या विषयावर तो थांबत नाही आणि थांबूही नये असं माझं मत आहे. नवीन पोर आलं की ह्या ताई पहिले आठ दिवस त्याला अक्षर दाखवायच्या नाहीत, कडेवर घेऊन फिरायच्या, घरच्या शेळीचं नाव विचारायच्या. मग एक दिवस ते स्वतःच खाली उतरायचं, खेळता खेळता मागं वळून बघायचं, ताई आहे ना, आहे, की परत खेळायला पसार.

"अंगणवाडी म्हणजे खिचडी रे," शेठ.

झालं. मंग्याने थेट १९४५ सालची, पालघरकडची बोर्डी काढली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बालवाडी काढली, आदिवासी पाड्यावरची पोरं येईनात, तर बालवाडीच पोरांच्या अंगणात नेली, अंगणवाडी हे नाव तिथलं. "ओळखीचं अंगण, समोर आजी बसलेली, मग कशाला घाबरेल पोर? तुझ्या मेव्हण्याने काय केलं, गेट मोठं केलं."

आता तर सरकारी ताईलाही धड पोरांजवळ बसू देत नाहीत. घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा स्कॅन कर, मतदार याद्यांचं काम कर, पोर साडी ओढतंय आणि ताई मोबाईल वर धरून रेंज शोधतेय, हे मी डोळ्याने बघितलंय आणि मला फार वाईट वाटतं. डिसेंबर २०२३ च्या संपात "यांना काम काय असतं" असं हाच शेठ बोलला होता, मंग्या ते अजून विसरलेला नाही.

दिन्याने मधेच विचारलं, "अरे पण मी उद्या काय करू?"

मंग्या म्हणाला, "नवीन टीचरला जाऊन भेट. डबा मांडीवर लागतो, शू आली की कान धरतो, सगळं सांग. आणि आठवडाभर अर्धा तास तिथंच बस. परत टीचर बदलणार असेल तर आधी कळवा म्हणावं, जुनीने नवीच्या हातात पोर द्यायला पाहिजे."

"एवढं लाडावून ठेवायचं?" शेठ.

"तुला ठेवलं होतं की! वर्षभर माझ्या आईचा पदर सोडत नव्हतास, शेवटी फाडलास. ती साडी दाखवते अजून."

टपरीवाल्याच्या हातातली किटली हलायला लागली इतका हसला तो. शेठ लाल झाला, मग स्वतःच हसत म्हणाला, "ताईंची तब्येत कशी आहे रे आता?" आणि सहा चहाचे पैसे काढले.