मॉडरेटरने मौनव्रत धरायचं नसतं

‘युजेबिलिटी टेस्टिंगमध्ये मॉडरेटरने एक अक्षरही बोलायचं नाही, एरिक्सन आणि सायमन यांचा तसा नियमच आहे,’ असं सध्या जो तो सांगतोय. हे अर्धवट आहे. (युजेबिलिटी टेस्टिंग म्हणजे एखाद्याला ॲप वापरायला द्यायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि तो कुठे अडतो ते बघायचं; मॉडरेटर म्हणजे ही चाचणी घेणारा.)

अँडर्स एरिक्सन आणि हर्बर्ट सायमन हे संशोधक, माणसाला मनातले विचार मोठ्याने बोलायला सांगणाऱ्या मानसशास्त्राच्या प्रयोगांविषयी लिहीत होते, ॲपच्या चाचणीविषयी नव्हे. आणि तिथेही माणूस गप्प झाला की ‘बोलत राहा’ अशी आठवण करायला त्यांची मुभा होतीच. त्यांना नको होतं ते ‘असं का केलंत?’ विचारणं, कारण मग माणूस कारणं रचायला लागतो. पुढे 2000 मध्ये टेड बोरेन आणि ज्युडिथ रॅमी या संशोधकांनी दाखवलं, की प्रत्यक्ष युजेबिलिटी चाचण्यांत हे नियम फारसे पाळलेच जात नाहीत. ऐकणाऱ्याने अधूनमधून हुंकार द्यावा, हे त्यांनी सुचवलं.

मराठीत तो हुंकार म्हणजे ‘हं’. फोनवर समोरून ‘हं’ आलं नाही तर आपण लगेच ‘हॅलो, हॅलो’ करतो. चाचणीतही पुतळा समोर बसला की माणूस अवघडतो. मात्र ‘छान!’ किंवा ‘बरोबर!’ म्हणालात की तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून बटणं दाबणार. (‘बरं’सुद्धा जपून, सुरावर आहे सगळं.)

त्याने ‘हे दाबू का?’ विचारलं तर? ‘दाबल्यावर काय होईल असं वाटतं तुम्हाला?’ एवढं विचारा, आणि मग खरंच गप्प बसा.