एका सहीत अख्खा वाडा

परवा रात्री साडेआठच्या मालिकेत आक्कासाहेबांचा वाडा गेला. मालिका कोल्हापुरात घडते, म्हणजे सुरुवातीला वरून रंकाळा दाखवतात आणि उरलेला भाग मुंबईच्या सेटवर उरकतात. आक्कासाहेब सत्तरीच्या, चष्मा देवघरात राहिलेला. थोरली सून म्हणाली, "आक्का, लाइट बिलावरचं नाव बदलायचंय, एवढी सही करा." आक्कांनी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडा, गुऱ्हाळ आणि पंचगंगेकाठचा ऊस, सगळं सुनेच्या नावावर. दारात इन्स्पेक्टर उभा आणि आक्कासाहेब तुळशीला हात जोडून, पिशवी घेऊन बाहेर.

आपण उगाच जुन्या पद्धतीनं जगत बसलोय, हे तेव्हा लक्षात आलं. जुने सिनेमे आणि आताच्या मालिका ज्या नियमांवर चालतात, ते एकदा अंगवळणी पडले की कोर्ट, दवाखाना, तलाठी, कशाचीच अडचण राहत नाही. तेव्हा तुमच्या सोयीसाठी हे थोडं मार्गदर्शन.

कट रचायचा असेल तर दार सताड उघडं ठेवा, आवाज मोठा ठेवा आणि पाठ खिडकीकडे करा.

मरायचं असेल तर पन्हाळ्याच्या कड्यावरून पडा. अंथरुणात मेलात तर परत येता येत नाही. मृतदेह सापडता कामा नये, एक चप्पल सापडली की पुरे. कायद्यात बेपत्ता माणसाला मेलेला धरायला सात वर्षं लागतात, तीही ज्यांना त्याची खबर लागायला हवी होती त्यांना लागली नाही, तर. तुमच्या घरी मात्र तेराव्यापर्यंत फोटोला हार आणि महिन्याभरात बायकोच्या दुसऱ्या लग्नाचा मांडव. तुम्ही थेट मंगलाष्टकांच्या शेवटच्या ओळीला पोचायचं. वाटेत कागल-सातारा रस्ता लागतो, पण मालिकेत तो पूर्ण झालेला आहे.

अपघातात सगळ्यात आधी स्वतःचं नाव आणि आई विसरा. खरी दुखापत झाली तर बहुतेक वेळा अपघाताच्या आगेमागेचा काळ पुसला जातो आणि नाव-गाव शाबूत राहतं. पण त्यात काय मजा? स्मृती परत आणायला नारळ डोक्यात पडू द्या. दुसऱ्या माराने मेंदूला सूज येते, रक्तस्राव होतो, माणूस दगावतो, असं डॉक्टर सांगत बसतील. ते मालिका बघत नाहीत.

रक्त द्यायचं झालं तर १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'ची ती हिंदी पद्धत वापरा. तीन मुलगे ओळीने झोपवा, तिघांच्या दंडातून तीन नळ्या वर एका बाटलीत आणि तिथून खाली आईच्या हातात. शिरेतला दाब पाण्याच्या दहाएक सेंटिमीटर इतकाच असतो, रक्त आपणहून बाटलीपर्यंत चढणार कसं, हे विचारू नका. गट जुळवायला, क्रॉसमॅचिंगला पाऊण तास जातो, एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या कराव्या लागतात, पिशवीत गोठू नये म्हणून द्रावण लागतं, हेही नको. त्या चित्रपटाला खरं तर सगळं माफ आहे. तो पहिल्या रिळापासून सांगत होता की मी थाप मारतोय, बसा आणि मजा बघा. 'सत्य परिस्थितीवर आधारित' अशी पाटी लावून त्याने थाप मारली नव्हती.

मॉनिटरवर सरळ रेघ आली की छातीला शॉक द्या. सरळ रेघेवर शॉकचा उपयोग नसतो, छाती दाबावी लागते आणि ॲड्रिनलिन द्यावं लागतं. पण छाती दाबताना नटाच्या केसांचा भांग विस्कटतो.

कोर्टात जायचं तर न्यायाधीशांच्या हातात लाकडी हातोडा पाहिजे. आपल्या कोर्टांत हातोडा नसतो, गीतेवर हात ठेवून शपथ देत नाहीत, १९६९ च्या शपथ कायद्यात कुठलाच ग्रंथ नाही. पुरावा म्हणून मोबाइलमधली क्लिप ऐनवेळी थेट भिंतीवरच्या टीव्हीला जोडा. प्रमाणपत्र वगैरे जे लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, ते जाहिरातींच्या वेळात तयार होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी कोल्हापूरच्या वकिलांनी काही दशकं आंदोलन केलं, तेव्हा कुठे १८ ऑगस्ट २०२५ ला ते सुरू झालं. हे नियम आधी माहीत असते तर एवढा खटाटोप कशाला केला असता? मालिकेत खुनाचा खटला एका भागात सुटतो आणि आरोपी त्याच रात्री घरी येऊन पुरणपोळी खातो.

ज्याच्या खुनाबद्दल तुम्ही 'चौदा वर्षांची जन्मठेप' भोगली, तो जिवंत सापडला तर त्याला भर चौकात मारा आणि घटनेच्या कलम २० चा आधार घ्या. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही म्हणून जुन्या सिनेमात सगळे टाळ्या वाजवतात. आजचा खून हा आजचा वेगळा गुन्हा असतो, हे तुमचा वकील तुम्हाला जेलमध्ये समजावून सांगेल. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नाहीत, मरेपर्यंत. चौदा वर्षं ही सूट मिळण्याआधी भोगायची किमान मुदत, तीही काही गुन्ह्यांत, हेही तेव्हाच कळेल. तिथे वेळ भरपूर असतो.

पिस्तुलात गोळ्या मोजू नका.

आता मुख्य विषय, मालमत्ता. ती हवी असेल तर साहित्य फार लागत नाही. एक निळी फाइल, एक पेन, एक म्हातारं माणूस. कागदाचं नाव 'प्रॉपर्टीचे पेपर्स'. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र असले भेद करू नका, डोकं दुखतं. सही कागदाच्या मधोमध घ्या. तारीख नको, साक्षीदार नको. सही झाली की कागदाकडे बघून तिरकं हसा, व्यवहार पूर्ण झाला.

आता हे ज्यांनी लिहिलं त्यांनी एकदा, फक्त एकदा, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून बघावं. वाडा सुनेला द्यायचा तर बक्षीसपत्राचा मसुदा करावा लागतो. मुद्रांक शुल्काचं ई-चलन काढावं लागतं. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरावी लागते, त्यात गट नंबराचा एक आकडा चुकला की परत पहिल्यापासून. मग टोकन. मग आक्कांना स्वतः तिथे जाऊन बसावं लागतं, सोबत दोन साक्षीदार आणि ओळख पटवणारे. कॅमेऱ्यासमोर फोटो. अंगठा. सत्तरीच्या बाईचा अंगठा त्या यंत्रावर पहिल्या झटक्यात उमटला तर पेढे वाटावेत. मग निबंधक विचारतात, "आजी, सही तुमचीच का? कशाचा कागद आहे, माहीत आहे का? खुशीनं देताय ना?" सही तुमचीच का, ही विचारणा तर १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे. आक्का म्हणाल्या असत्या, "लाइट बिलाचा." संपली तुमची मालिका. आणि एवढं करून सर्व्हर चालू असेल असं समजू नका.

बरं, झाला दस्त. नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू, हातात आला. म्हणून नाव लागलं का? गावठाणातला वाडा असेल तर सिटी सर्व्हेत प्रॉपर्टी कार्डावर नोंद व्हायची. उसाच्या रानाला सातबारा, म्हणजे फेरफार, म्हणजे सगळ्या हितसंबंधितांना नोटीस आणि हरकतीला पंधरा दिवस. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार, कुणी हरकत घेतली नाही तर. आणि हरकत घेत नाही असा भाऊबंद या जिल्ह्यात कुठे आहे? घरफाळ्याचं नाव तर महिनोन् महिने आजोबांचंच राहतं. इथे एका रात्रीत सगळं झालं, गुऱ्हाळासकट!

शिवाय वाडा वडिलोपार्जित आहे, हे पहिल्याच भागात आक्कासाहेब छाती पुढे काढून सांगतात. मग तो आक्कांच्या एकट्याच्या सहीने जाणार कसा? त्यावर दोन दिरांची नावं, इचलकरंजीच्या नणंदेचं, गडहिंग्लजच्या नणंदेचं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे. आक्का फार तर स्वतःच्या हिश्श्यापुरतं काही करू शकतील, त्यातही शंभर भानगडी. एकाच माणसाच्या नावावरचा जुना वाडा शिवाजी पेठेत दाखवा, आम्ही हलगी लावून बघायला येतो.

आणि तो इन्स्पेक्टर! घर रिकामं करून द्यायला पोलिस येत नाहीत. दिवाणी दावा, हुकूमनामा, त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त, मग बेलिफ. यात माणसाची उमेद जाते, वकील बदलतात, कधी पक्षकारच मरतात. इथे तो इन्स्पेक्टर "सॉरी आक्कासाहेब, कायद्याने आमचे हात बांधलेत" म्हणतो. कुठल्या कायद्याने? कलम सांगा ना!

मृत्युपत्र मात्र आवर्जून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करा. त्याला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोरची सही चालते. म्हणजे जिथे कागद साधा चालतो तिथे स्टॅम्प, आणि जिथे अख्खं कार्यालय लागतं तिथे कोरा कागद. असा नेम धरून उलटं लिहायलाही अक्कल लागते.

उरलेल्या कोल्हापूरबद्दल थोडं. पैलवान व्हायचं तर दंड कमवा आणि कान जपा. खऱ्या पैलवानाच्या कानात घासून, दबून रक्त साकळतं आणि कान मोडून गाठीसारखा कडक होतो. तुमच्या नायकाचे कान आजच खोक्यातून काढल्यासारखे हवेत. तालमीच्या हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली असते, म्हणून मऊ आणि ओलसर राहते. तुमच्या हौद्यातून धूळ उडाली पाहिजे, तिच्याशिवाय स्लो मोशन खुलत नाही. समोरच्याला ठोसे मारा, डोक्यावर उचलून फिरवा, आणि तो पालथा पडला की जिंकलात. चितपट म्हणजे पाठ मातीला, दोन्ही खांदे टेकलेले. पालथा पडलेला गडी हरलेला नसतो, तो बचावाला बसलेला असतो, हे इथलं शाळकरी पोरगंही सांगेल. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलांगी, एवढे डाव पडलेत; एक तरी दाखवा. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत असली कुस्ती लावली तर संयोजकांना मागच्या दाराने पळावं लागेल.

पांढऱ्या रश्श्यात दूध ओता. मटणाच्या अळणीत नारळाचं दूध, खसखस, काजू, तीळ वाटून घालायचं म्हणजे वेळ जातो.

अंबाबाईच्या मूर्तीवर सकाळचं कोवळं ऊन पाडा, नायिका नवस बोलत असतानाच. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. किरणोत्सव मावळतीला होतो, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी; किरणं पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत. ढग आले, वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, तर तेवढंही पोचत नाहीत. ते पोचावेत म्हणून अख्खं गाव श्वास रोखून उभं असतं. आणि तुम्ही सकाळी आठला, पूर्वेकडून, बल्ब लावून!

आता सरळच बोलतो. याला कल्पनास्वातंत्र्य म्हणत नाहीत, याला आळस म्हणतात. हेच गाव आहे जिथे बाबूराव पेंटरांनी कॅमेरासुद्धा स्वतः बनवला. त्यांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. मूकपट. सावकारापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात मिलमजूर होतो, एवढी गोष्ट. आवाज नव्हता, रंग नव्हता, पण जमीन कशी जाते हे तेव्हाच्या प्रेक्षकाला माहीत होतं आणि त्याला ते माहीत आहे, हे बनवणाऱ्यालाही माहीत होतं. तुमच्याकडे ड्रोन आहे, आणि आमच्याबद्दल तुमची समजूत अशी, की यांना काय कळतंय.

कळत नाही त्यांचं तर जास्तच नुकसान करता. ही मालिका बघणाऱ्या बऱ्याच बायका साठीच्या पुढच्या आहेत. कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी सून खरोखर कागद पुढे करते. तुम्ही त्यांना रोज शिकवता की सही झाली, संपलं, आता पिशवी घ्या आणि निघा. संपत नाही! फसवून घेतलेला दस्त दिवाणी कोर्टात रद्द करून मागता येतो. फसवणुकीची फिर्याद देता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळलं नाही तर, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांसमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करून परत मागता येतं. यातलं एक वाक्य आक्कासाहेबांच्या तोंडी घातलं असतं तर काय बिघडलं असतं? उलट पुढचे शंभर भाग मिळाले असते: प्रांतांचं कार्यालय, नणंदांची हरकत, फेरफाराची तक्रार, उलटलेला साक्षीदार. इथल्या कुठल्याही वकिलाला चहा पाजला असता तर त्याने तुम्हाला वर्षभराची कथा फुकट दिली असती.

आणि "मनोरंजन आहे हो, डोकं बाजूला ठेवून बघा" म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं. डोकं बाजूला ठेवूनच आक्कांनी सही केली होती. लेखक म्हणतात रोजचा भाग असतो, वेळ कुठे असतो. सुनेने फाइल मिटली तेव्हा घरातल्या नऊ माणसांची तोंडं तीन-तीनदा, विजा कडाडवत, एकदा रंगीत आणि एकदा काळी-पांढरी दाखवलीत की. त्याला बरा वेळ मिळाला.