आयक्यू नॉर्मल आहे, मग अडचण कसली? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की कॉर्पस कलोसम जन्मतःच नसलेल्या बऱ्याच मुलांचा आयक्यू नॉर्मल येतो हे मीच लिहिलंय, मग पुढे अडचणींचा पाढा वाचून आईबापांना कशाला घाबरवायचं, तोच नसलेला तुमचा पुतण्या सहावीत मागे पडतोय तो निव्वळ आळसाने. घाबरवायचं नाहीये हो, पण आळस म्हणालात तिथे मी अडलो.

कॉर्पस कलोसम म्हणजे मेंदूचे दोन अर्धे जोडणारा साधारण 20 कोटी तंतूंचा जुडगा. ऑपरेशनने तो कापलेल्या पेशंट्सवर मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरींनी काम केलं, 1981 चं नोबेल त्यासाठीच, पण त्या पेशंट्ससारखी दोन अर्ध्यांची फारकत या मुलांत सहसा दिसत नाही कारण मेंदू गर्भापासूनच इतर वाटांनी काम भागवायला शिकतो. भागतं, पण हळू, आणि गुंतागुंतीचं काम आलं की वाटा अपुऱ्या पडतात.

म्हणून पाठांतर, स्पेलिंग, ठरलेल्या रीतीची गणितं जमतात आणि तेच गणित थोडं फिरवून विचारलं की गाडी अडते. दहा-बाराव्या वर्षी हे जास्त उघडं पडतं, कारण बाकी मुलांचा कलोसम तोवर बराच पक्व झालेला असतो आणि शाळेचं कामही नेमकं तेव्हाच अवघड होतं. घरच्यांना वाटतं पोरगं बिघडलं!

बोलण्याचंही तसंच. उशिरा आलेल्या मुलाला कोणी "वा, काय वेळेवर आलास!" म्हटलं की हा हसून "थँक्यू" म्हणणार. शब्द सगळे कळले, टोमणा निसटला, आणि समोरच्याला वाटतं कार्टं उद्धट आहे.

अफाट स्मरणशक्तीच्या अमेरिकन किम पीकचं उदाहरण तुम्ही दिलंत, त्यालाही कलोसम नव्हता आणि हजारो पुस्तकं पाठ होती, कबूल. पण शर्टाची बटणं लावणं त्याला जड जायचं हे कोणी फॉरवर्ड करत नाही (त्याच्या मेंदूत इतरही दोष होते, तेव्हा सगळं एका कलोसमवर ढकलू नका).

पुतण्याच्या टेस्टिंगचा रिपोर्ट आहे म्हणताय ना, त्यात एकूण आकडा सोडून प्रोसेसिंग स्पीडचा (डोकं किती वेगाने काम करतं त्याचा) स्कोअर वेगळा बघा, आणि नवीन प्रॉब्लेम सोडवणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं हे तपासलंय का ते न्यूरोसायकॉलॉजिस्टना विचारा, नुसत्या आयक्यू टेस्टमध्ये ते नीटसं येत नाही. तोवर घरी एका वेळी एकच सूचना द्या, आणि उत्तराला जरा थांबा.