'शिडी वर ओढून घेतलीत' या कमेंटला उत्तर (लांबलंय, सांभाळून घ्या)

क्लार्क्सबर्गकर, नाव दिलं नाहीत त्यामुळे दादा म्हणू की ताई ते कळेना, तर नुसतं तुम्ही. तुमच्या कमेंटला बऱ्याच जणांनी अंगठे दिलेत, म्हणून मुद्दे इथे वर आणून उत्तर देते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की क्राऊन आणि वुडवर्ड या नव्या हायस्कूलांच्या निमित्ताने आपल्या माँटगोमेरी काउंटीत (मेरीलँड, अमेरिका) परत शाळांच्या बाउंड्रीचे नकाशे फिरायला लागलेत, तर आपल्या लोकांनी लगेच ऊर बडवू नये, शाळेची हद्द म्हणजे काही सातबारा नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी माझ्या मुलीला फ्रेंच इमर्शनमध्ये (म्हणजे शाळेतले विषयच फ्रेंचमधून शिकायचे) घालून मोकळी झाले, शिडी वर ओढून घेतली आणि आता खाली उभ्या असलेल्यांना समजुतीच्या गोष्टी सांगतेय. तुम्ही २०१७ ला क्लार्क्सबर्गात घर घेतलं ते शाळा बघून, आणि २०१९ ला काउंटीच्या शाळा बोर्डाने बाउंड्री बदलून तुमच्या मोठ्याला उचलून शेजारच्या सेनेका व्हॅली हायस्कूलला टाकलं. आणि शेवटी एक टोमणा, की मराठी माणसाला फ्रेंचची हौस कशाला.

टोमण्याचं आधी उरकते. काउंटी जे देते त्यातलंच घेता येतं ना, फ्रेंच, स्पॅनिश, चायनीज. मराठी द्यायला काउंटी बसलेली नाही, त्यासाठी आपली रविवारची मंडळाची शाळा आहे आणि तिथे दोन्ही मुलं जातात, कुरकुरत का होईना. एक गंमत सांगते. मुलगी पहिलीत असताना माझ्या सासूबाई आल्या होत्या, साताऱ्याकडच्या. ही आकडे म्हणत होती, ऐंशीला 'कात्र-वँ'. म्हटलं त्याचा अर्थ काय गं, तर म्हणे चार वीस. सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, मग बरोबरच आहे की, आमची आजी पण चार विसाच म्हणायची. त्या दिवसापासून पोरगी आजीला फ्रेंच येतं असं शाळेत सांगत सुटली होती. तर मराठीचं काही बिघडलेलं नाही.

आता शिडी. हा मुद्दा मला लागला, कारण अर्धा खरा आहे. मुलगी २०१६ ला केजीत गेली, लॉटरीत नंबर लागला, आणि खरं सांगायचं तर लॉटरी असते हेच मला ऑफिसातल्या एका बाईने सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर फॉर्म भरायची तारीख कधी येऊन गेली ते समजलंही नसतं. आपल्याकडे हा प्रोग्रॅम १९७४ पासून आहे, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या पब्लिक स्कूल इमर्शनपैकी एक, आणि इतकी वर्षं तो कोणाला मिळत होता? ज्यांच्या ऑफिसात अशी बाई असते त्यांना. हे माझं मत नाही, २०१६ ला काउंटीनेच मेटिस नावाच्या कंपनीकडून अभ्यास करून घेतला होता त्यात हेच निघालं, की गोऱ्या आणि बऱ्या परिस्थितीतल्या घरांतली मुलं या प्रोग्रॅम्समध्ये त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त दिसतात. त्यात भर म्हणजे मोठं भावंड आत असलं की धाकट्याला आपोआप जागा, त्यामुळे नवीन माणसाला उरणार काय? तो सिब्लिंग लिंक मग काढून टाकला.

आणि हे तुम्हाला माहीत नसणार, कारण मी कधी लिहिलं नाही. तो लिंक गेल्यावर पहिला फटका बसलेल्यांत आम्ही पण होतो. धाकटा २०१९ ला केजीत गेला तेव्हा त्याचा नंबर लागला नाही. वेटिंग लिस्टवर होता, शाळा सुरू होऊन तीन आठवडे होईपर्यंत मी रोज ईमेल बघत होते, आला नाही. मग तो आमच्या घराजवळच्या शाळेत गेला, नाव घेत नाही, तिथे मुलं मावत नव्हती म्हणून त्याचा वर्ग पोर्टेबलमध्ये. ज्यांनी पोर्टेबल पाहिलं नाही त्यांच्यासाठी, मैदानात उभी केलेली ट्रेलरसारखी खोली, लाकडी रॅम्प, आत एसीचा घरघराट, आणि बाथरूम नाही. पोराला शू लागली की जोडीदार घ्यायचा, पाऊस असेल तर रेनकोट चढवायचा आणि मेन बिल्डिंगपर्यंत चालत जायचं. पाच वर्षांचं पोर, रेनकोटची चेन लावता येत नाही, आता सांगा काय होणार. दप्तरात कायम एक जास्तीची पँट ठेवायचे मी. त्यामुळे शिडी वर ओढली म्हणालात तर माझंच एक पोर खाली राहिलेलं आहे हो.

पण तरी लिंक काढला ते चुकलं असं मला वाटत नाही. त्या वर्षी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू, नवऱ्याबरोबर दोन दिवस त्यावरून भांडले पण होते.

आता मला जे खरं म्हणायचंय ते. मुलगी केजीत होती तेव्हा वर्ग गच्च. चौथी-पाचवीला पोचेपर्यंत कोणी टेक्सासला गेलं, कोणाला झेपेना म्हणून घराजवळच्या शाळेत परत गेलं, आणि गेलेल्यांच्या जागी नवीन कोणी येऊ शकत नाही, कारण पहिलीनंतर आत यायचं तर भाषेची परीक्षा द्यावी लागते आणि चौथीतल्या पोराला गणित फ्रेंचमध्ये कळणार कसं. त्यामुळे वरच्या वर्गांत बाकं रिकामी. त्याच काउंटीत, त्याच वर्षांत, माझा धाकटा मैदानातल्या खोलीत. एका घरातली दोन मुलं, एकीच्या वर्गात जागा उरलेली आणि दुसऱ्याला बिल्डिंगच नाही. बाउंड्रीच्या मीटिंगला आपण फक्त कुठल्या बिल्डिंगमध्ये किती टक्के भरलंय ते बोलतो आणि इमर्शनच्या मीटिंगला फक्त लॉटरीवर भांडतो, दोन्हीकडे वेगवेगळे लोक येतात आणि एकमेकांचं ऐकत नाहीत. जागा एकच आहेत ना पण! टू-वे इमर्शन आहे तिकडे निदान घरी स्पॅनिश बोलणारी आणि इंग्लिश बोलणारी मुलं एकाच वर्गात बसतात, आणि ज्या पोराचं इंग्लिश कच्चं तेच अर्धा दिवस वर्गात शहाणं ठरतं. वॉशिंग्टन ग्रोव्हसारख्या शाळांत ते चालू आहे. तसे वर्ग वाढवा, आणि जिथे मुलं राहतात तिथे वाढवा, यासाठी मी भांडायला तयार आहे. माझ्या मुलीच्या प्रोग्रॅमला हात लावू नका यासाठी नाही.

आता तुमचं घर. तुम्ही शाळा बघून घर घेतलंत यात गैर काहीच नाही, आम्ही पण तेच केलं, सगळेच करतात. पण क्लार्क्सबर्गचं बघा जरा. २००० च्या जनगणनेत तिथे जेमतेम १,८०० माणसं, २०२० ला २९ हजार. १९९४ च्या मास्टर प्लॅनमध्येच तिथे गाव वसवायचं ठरलेलं होतं, घरं आली, टाउनहाऊसेस आली, आपण आलो, आणि शाळा मागून धापा टाकत आल्या. क्लार्क्सबर्ग हायस्कूल भरलं, नॉर्थवेस्ट भरलं, आणि सेनेका व्हॅलीची नवी बिल्डिंग अडीच हजार मुलांसाठी बांधली ती काय शोभेला? मुलं तिकडे जाणार हे तिचा पाया खणतानाच ठरल्यात जमा होतं. सेल्स ऑफिसातल्या माणसाने ते आपल्याला सांगितलं नाही, तो कशाला सांगेल. (पूर्वी शाळा १२० टक्क्यांच्या वर भरल्या की त्या भागात नवीन घरांना परवानगी बंद व्हायची, तो नियम काउंसिलने २०२० ला काढला, आता बिल्डरने ज्यादा पैसे भरले की झालं. यावर कोणी ऊर बडवताना मला दिसलं नाही.)

तुमचं एक मात्र पूर्ण मान्य. मी लिहिलं होतं की विरोध करणाऱ्यांना फक्त 'तिकडची मुलं' नको असतात. ते वाक्य मी मागे घेते. दोघंही नोकरीला, गाडी एक, पोराची प्रॅक्टिस संध्याकाळी संपते आणि लेट बस चुकली तर २७० हायवेच्या ट्रॅफिकमधून त्याला आणायला कोण जाणार, हा रडीचा डाव नाही, हा रोजचा प्रश्न आहे. बोर्डाच्या पॉलिसीत पण चार गोष्टी बघायच्या असं लिहिलंय, वेगवेगळ्या घरांतल्या मुलांची मिसळ, अंतर, मुलांना पुन्हापुन्हा न हलवणं आणि बिल्डिंगचा नीट वापर, आणि २०१८ ला त्यातल्या पहिलीवर जोर वाढवला तेव्हा बाकीच्या तीन पुसून टाकल्या नव्हत्या. अंतरावर बोला, हक्काने बोला.

पण २०१९ च्या त्या वादात मी पण आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते हो. हिअरिंगला माइकसमोर सगळे 'ट्रॅव्हल टाइम' म्हणत होते आणि रात्री ग्रुपवर सेनेका व्हॅलीत फ्री मीलवाली (म्हणजे गरीब घरांतली, शाळेत फुकट जेवण मिळणारी) मुलं किती टक्के त्याचे स्क्रीनशॉट फिरत होते. फ्री मीलवाल्या मुलांनी बसला उशीर होतो का? शेजारच्या हॉवर्ड काउंटीत २०१९ लाच सात हजारांवर मुलं हलवायचा प्रस्ताव आला तेव्हा तिथेही हेच, हातात तेच फलक, तीच गर्दी, त्यात आपले चेहरे पण भरपूर. म्हणून ते वाक्य माझ्या हातून गेलं. सगळ्यांना लावायला नको होतं, पण हवेतून आणलं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, 'तुमच्या मुलांची बाउंड्री बदलली की बघू.' आमचा भाग पण आताच्या बाउंड्री स्टडीत आहे. धाकट्याला हायस्कूलला वेगळीकडे जावं लागेल अशी बरीच शक्यता आहे, आणि त्याचा सगळ्यात जवळचा मित्र रस्त्याच्या पलीकडे राहतो, तो दुसरीकडे जाईल. त्यावर तो दोन दिवस नीट जेवला नाही. मी हिअरिंगला नाव दिलंय, पण मी तिथे रेष आमच्या घरामागून घ्या असं म्हणणार नाही, रिकाम्या बाकांचं बोलणार आहे. तुम्ही आलात तर भेटा, भांडू तिथेच, कॉफी माझ्याकडून.

आणि एक राहिलं. एवढी मोठी कमेंट लिहिलीत, २०१९ मधल्या मीटिंगा, ईमेलं, नकाशे, सगळं तारीखवार आहे त्यात, पण तुमच्या मोठ्याचं पुढे सेनेका व्हॅलीत कसं काय गेलं ते कुठेच नाही. २०२० ला नवी बिल्डिंग उघडली ती पण ऑनलाइनच, म्हणजे सुरुवातीचे कितीतरी महिने ज्या बसवरून एवढं रामायण झालं ती बस लागलीच नसणार. पण त्यानंतर? खोचकपणे नाही, खरंच विचारतेय. एव्हाना पास होऊन बाहेर पडला असेल ना तो?