मासे आमचे, नियम तुमचे

विषय निघाला चीजवरून. नित्याची बहीण ऑस्लोला असते. अधूनमधून गाडी काढायची, स्वीनेसुंडचा पूल ओलांडून स्वीडनमध्ये शिरायचं आणि चिकन, चीज, कोल्ड्रिंकने डिकी भरून परत यायचं, हा त्यांच्याकडचा नेहमीचा उद्योग. अर्धं ऑस्लो तेच करतं म्हणे.

"एवढा पैसेवाला देश, आणि किराणा शेजारच्या घरून?" बंड्याला पटेना.

"नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही ना. त्यांच्याशी बाजाराचा करार आहे, पण शेतीमाल त्या कराराबाहेर." नित्याने सांगितलं. " बाहेरच्या बहुतेक कडक चीजवर 2013 पासून 277 टक्के ड्युटी."

"277?" बंड्याचा चहा हिंदकळला.

अव्या न्हावाशेव्याला सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणाऱ्या एजंटकडे कामाला. ड्युटी म्हटलं की त्याला चेव येतो. "बरोबर केलं! आपला शेतकरी जगवायचा तर असंच लागतं. युरोपच्या गटात जायला लोकांनी मतदानात 1972 ला नाही म्हटलं, 1994 ला पुन्हा नाही म्हटलं. तरी बाजार मिळालाच की!"

"मिळाला, पण कसा?" नित्या सरसावला. "1 जानेवारी 1994 पासून युरोपियन आर्थिक क्षेत्रात आहेत, म्हणजे युनियनबाहेर राहून तिच्या बाजारात. युनियनने तिकडे ब्रसेल्सला बाजाराचा कायदा केला की यांनी तो आपल्या कायद्यात घालायचा. वर युनियनमधल्या गरीब देशांसाठी पैसे द्यायचे, त्यातही सिंहाचा वाटा नॉर्वेचाच. म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स वेळेवर भरा, पण जनरल बॉडीत हात वर करू नका."

"पण बाहेरच्या मालावर सगळ्यांनी एकच ड्युटी लावायची, त्या युनियनच्या कस्टम्स युनियनमध्ये नाहीत, म्हणून बाकीच्यांशी करार करायला मोकळे आहेत," अव्या काही सोडेना. "आपलाच बघ. एफ्टाशी, म्हणजे नॉर्वे, स्वित्झर्लंड, आइसलँड, लिख्टेनश्टाइन या चौघांच्या गटाशी भारताने केलेला करार 1 ऑक्टोबर 2025 ला लागू झाला. "

हा मुद्दा बिनतोड होता. नित्या गप्प बसला, पण फार वेळ नाही. "सॅल्मनचं सांग. अख्खा ताजा मासा युनियनमध्ये गेला तर ड्युटी 2 टक्के. तोच धुरी देऊन पाठवला तर 13. मग कोण घरी धुरी देत बसेल? मासा जातो पोलंडला, तिथे कापतात, धुरी देतात, पाकिटं भरतात."

"म्हणजे मासा यांचा आणि रोजगार पोलंडचा," बंड्या म्हणाला. त्याला आता कुठे गंमत यायला लागली होती.

मला विचाराल तर नॉर्वेवाल्यांना हे सगळं ठाऊक आहे आणि त्यांनी हिशेब करूनच ही किंमत मोजली आहे. 1994 ला ऑस्लोत तीनांतल्या दोघांनी 'हो' म्हटलं. उत्तरेला फिनमार्कमध्ये चारांतल्या जवळपास तिघांनी 'नाही'. तिथे पोट समुद्रावर आहे. आपल्या पाण्यात कुणी किती मासे धरायचे हे ब्रसेल्समध्ये ठरणार, ही कल्पनाच त्यांना सोसणारी नव्हती. मताचा हक्क सोडून त्यांनी पाणी राखलं. माझ्या मते तेव्हा सौदा वाईट नव्हता.

आता मात्र तो महाग पडू लागलाय. नोव्हेंबर 2025 मध्ये युनियनने आपले कारखाने वाचवायला फेरोअलॉयच्या, म्हणजे पोलाद बनवताना लागणाऱ्या मिश्रधातूंच्या आयातीवर निर्बंध घातले, त्यात नॉर्वे आणि आइसलँडलाही धरलं. 30 वर्षं एका बाजारात राहून! 2022 नंतर रशियाचा गॅस आटला तेव्हा युनियनला सगळ्यात जास्त गॅस नॉर्वेनेच पुरवला, तेही कामी आलं नाही.

"मग परत मतदान घ्या," बंड्या म्हणाला.

"कोण घेणार?" नित्या हसला. "युनियनच्या ऊर्जेबद्दलच्या नुसत्या तीन नियमांवरून जानेवारी 2025 मध्ये शेतकऱ्यांचा पक्ष सरकारमधून बाहेर पडला. मतदानाचं नाव काढलं तर काय होईल?"

अव्याने टपरीवाल्याला हात केला. "पडले ना बाहेर? बरोबर केलं!"

"तुझं सगळं बरोबरच असतं," नित्या म्हणाला. "चहाचे पैसे दे आता."