फौजी अनुभव आहे, मग पुन्हा वर्ग कशाला?

मायदेशातल्या श्वानप्रेमींमध्ये एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. पाळीव कुत्र्यांचा वास शोधण्याचा खेळ, म्हणजे नोजवर्क, शिकवणाऱ्यांनी दर काही वर्षांनी स्वतः पुन्हा शिकायला बसावं का? एका बाजूचं उत्तर ठरलेलं असतं. आपल्याकडे मेरठला लष्कराच्या पशुवैद्यक दलाचं आरव्हीसी केंद्र आहे, टेकनपूरला बीएसएफचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे उमेदीची वर्षं घालवून स्फोटकं शोधणारा कुत्रा ज्याने घडवला, त्याला बर्च झाडाच्या तेलाचा वास शोधण्याच्या खेळासाठी वर्गात बसवायचं? अमेरिकेची नसती फॅडं!

फौजी हँडलरबद्दल, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्याबद्दल, मला आदर आहे, पण हा युक्तिवाद ऐकला की चिडचिड होते. फौजेत कुत्रा निवडलेला असतो, हँडलर ठरलेला असतो आणि सराव रोजचा. हौशी वर्गात सहा कुत्री येतात: एक भित्रं, एक म्हातारं, एक दुसऱ्या कुत्र्याला पाहून भडकणारं. त्यांच्या दोऱ्या धरलेली माणसं दिवसभर भलतीच कामं करून आलेली असतात. प्रशिक्षकाचा खरा विद्यार्थी दोरीच्या या टोकाला असतो, आणि त्याला शिकवण्याचं कसब कुत्रा घडवता घडवता आपोआप येत नाही. ज्यांना हे फॅड वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की या शतकाच्या पहिल्या दशकात कॅलिफोर्नियात एनएसीएसडब्ल्यू ही नोजवर्कची संस्था सुरू करणाऱ्यांमध्ये रॉन गाँट होते, आणि ते पेशाने शोधक कुत्र्यांचेच प्रशिक्षक होते. तरीही त्या संस्थेने प्रशिक्षकांसाठी वेगळं प्रमाणपत्र ठेवलं.

आणि अनुभवाची गोष्ट निघालीच आहे, तर 2011 साली प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतला प्रयोग पाहा. 18 हँडलर आणि त्यांची अमली पदार्थ किंवा स्फोटकं शोधणारी प्रशिक्षित कुत्री. एकूण 144 शोध. वास कुठेच ठेवलेला नव्हता, पण हँडलरना सांगितलं होतं की तो असू शकतो आणि काही ठिकाणी लाल कागदाची खूण आहे. शोध बिनचूक झाले फक्त 21. उरलेल्या प्रत्येकात निदान एकदा तरी ‘सापडलं’ म्हटलं गेलं. ही माणसं हौशी नव्हती. मालकाच्या मनातलं उत्तर दोरीतून कुत्र्यापर्यंत पोचतं, आणि यातून अनुभवी हातही सुटत नाहीत.

पुन्हा शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं, हे मात्र वादात कोणी बोलत नाही. साधा बारा खोक्यांचा सराव घ्या. एका खोक्यात तेल लावलेली कापसाची काडी असलेली पत्र्याची डबी ठेवायची, बाकीची अकरा रिकामी. प्रशिक्षक ते एकच खोकं उघडतो, डबी ठेवतो, चिकटपट्टी लावतो. आता त्या खोक्याला तेलाचा वास आहेच, शिवाय पत्र्याचा, चिकटपट्टीच्या डिंकाचा आणि माणसाच्या ताज्या हाताचाही आहे. कुत्रा यांतलं काहीही पकडून बरोबर खोक्यापाशी थांबतो. वर्गात टाळ्या, आणि ट्रायलला, म्हणजे स्पर्धेत, सगळी खोकी सारखीच हाताळलेली असली की तेच कुत्रं भांबावतं. उपाय कंटाळवाणा आहे. प्रत्येक खोक्यात डबी, प्रत्येक डबीत कापसाची काडी, पट्टी आणि हाताळणी सारखी. आधी सगळी कोरी खोकी लावायची, वासाचं शेवटी. उलट केलंत तर हातमोज्यावरचं तेल अकराही खोक्यांत जातं. तेल थेट पुठ्ठ्याला लागलं तर ते खोकं पुन्हा कोरं म्हणून वापरायचं नाही, त्यावर तशी खूण करून ठेवायची. यातलं काहीच अवघड नाही. पण ही सवय वर्षा-दोन वर्षांत ढिली पडते, आणि ढिली पडलेली ज्याची त्याला दिसत नाही. ती दुसऱ्यालाच दिसते.

ब्लाइंड सरावाचंही तेच. हाइड, म्हणजे लपवलेला वास, कुठे आहे हे प्रशिक्षकाला माहीत असलं की तो नकळत त्या बाजूला उभा राहतो, कुत्रा जवळ गेला की बोलायचा थांबतो. हँडलर कुत्र्याला सोडून त्याच्याकडे बघायला लागतो, आणि हुशार कुत्रंही तेच करतं. म्हणून काही शोध असे हवेत की वास ठेवणारा खोलीबाहेर जाईल आणि आत कोणालाच जागा ठाऊक नसेल. मधूनच एखादी खोली पूर्ण कोरीही हवी. कोरी खोली पहिल्यांदा मिळते तेव्हा हँडलर कुत्र्याला तीच ती जागा चार वेळा दाखवतो, आणि शेवटी कुत्रं त्याच्या समाधानासाठी बसतं. त्या क्षणी काय बोलायचं आणि काय नाही, हे पुस्तकात सापडत नाही.

मी राहतो त्या अमेरिकेतली, इथली व्यवस्था आदर्श आहे असा माझा दावा नाही. सीपीडीटी-केए हे श्वान प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र टिकवायचं तर तीन वर्षांत पुढच्या शिक्षणाचे 36 गुण, म्हणजे सीईयू, भरा, नाहीतर परीक्षा पुन्हा द्या. त्यातले बरेचसे सीईयू वेबिनार चालू ठेवून एकीकडे कपडे घड्या करता करताही मिळतात. शिवाय 2017 मध्ये एकेसीनेही, म्हणजे अमेरिकन केनेल क्लबनेही, सेंट वर्क नावाने असाच खेळ सुरू केल्यावर नियमांच्या वह्या वाढल्या. तिथे बर्च, अॅनिस आणि लवंग यांच्या तेलांच्या जोडीला सायप्रस झाडाचं तेल आलं. नुसते नियम पाठ करणं म्हणजेच शिक्षण, असं मानणारे इथेही भरपूर आहेत.

आणि इथल्या अभ्यासाचं एक वैगुण्य तर तिकडच्याच लोकांना भरून काढता येईल. इथला प्रशिक्षक हवेचा विचार करतो तो एसीच्या झरोक्यांचा. छताचा पंखा त्याच्या हिशेबात क्वचितच असतो. पंखा चालू असला की हवा खोलीच्या मधोमध खाली येते, जमिनीवरून भिंतींकडे पसरते आणि भिंतीलगत वर चढते. खुर्चीखालचा वास त्यामुळे भिंतीच्या कडेला जमतो आणि कुत्रा तिथे रेंगाळतो. प्रशिक्षक घाईने ‘चूक’ म्हणाला, हँडलरने दोरी ओढली, की पुढच्या वेळी कुत्रा कडेचा वास सोडूनच देतो. थांबायला हवं. त्याने कडेवरून मागे वळून उगमाकडे जायचं असतं, आणि त्याला वेळ लागतो. वर्गाआधी काठीला सर्व्हेयर्स टेपची, म्हणजे हलक्या प्लास्टिक फितीची, वीतभर पट्टी बांधून खोलीत फिरवली तर वाऱ्याची दिशा कळते. उकाड्यात धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगत नाही, म्हणून शोध छोटे ठेवायचे. हे सगळं तिकडे शिकवणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. खरं सांगायचं तर इथे माझं मत कोणी विचारत नाही, आणि तिथे मी ते न विचारता देतो. पंख्याचा धडा इथल्या वर्गात कोणाला हवासा वाटणार नाही, आणि माझ्या आठवणीतल्या पंख्याखाली मी आता राहत नाही.

तरीही मुद्दा सोडवत नाही. यासाठी परदेशी संस्था नको, परदेशी प्रमाणपत्रही नको. तीन प्रशिक्षक एकत्र आले तरी पुरतात, आणि त्यांतला एक फौजेतला असेल तर उत्तमच. पहिल्याने हाइड ठेवायची आणि बाहेर जायचं. दुसऱ्याने जागा माहीत नसताना वर्ग घ्यायचा. तिसऱ्याने मागे बसून फक्त शिकवणाऱ्याकडे बघायचं: कुत्र्याची मान वळल्यापासून किती सेकंदांनी तो बोलला, हँडलरच्या हातातली दोरी केव्हा ताणली आणि ते त्याच्या लक्षात आलं का, एका शोधात त्याने किती सूचना दिल्या. मग अदलाबदल. तिसऱ्याच्या वहीत कुत्र्याबद्दल एक ओळही लिहायची नाही.