"वाचून वायरिंग येत नसतं" म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

ट्रेलरच्या (गाडीमागे ओढत न्यायच्या, राहायच्या घराच्या) पॉवर कॉर्डवरच्या माझ्या पोस्टखाली एका वाचकांनी लिहिलंय, "ताई, वाचून वायरिंग येत नसतं. न्यूट्रल आणि अर्थिंग घराच्या मेन पॅनलमध्ये एकत्रच येतात, मग ट्रेलरमध्ये जोडले तर काय आभाळ कोसळणार आहे? उगाच घाबरवू नका." खाली आणखी तीनचार मुद्दे आहेत: प्लगमधला क्लॅम्प, ३० अँपला १२ गेजची वायर चालते, ट्रेलरचं सॉकेट ड्रायरसारखंच जोडायचं, वगैरे.

आधी त्या पहिल्या वाक्याचं बोलू. मतभेद असू द्या हो, पण मी काय वाचलं आणि काय केलं हे तुम्हाला कुठून कळलं? माझे वडील वायरमन, शाळेच्या सुट्टीत टेस्टर आणि टेप घेऊन त्यांच्यामागे मीच फिरायचे, इकडे अमेरिकेत आमच्या ट्रेलरची ३० अँपची कॉर्ड, प्लग, बाहेरचं सॉकेट सगळं मी स्वतः जोडलंय आणि मीटर लावून बघितल्याशिवाय कधी ट्रेलर लावलेला नाही. "ताई" म्हटलं की पुढचं काहीही खपतं असं नसतं.

एक मान्य. कॉर्ड ओढली गेली तर ताण स्क्रूवर येता कामा नये, प्लगमधला क्लॅम्प कॉर्डच्या बाहेरच्या आवरणावरच आवळायचा, हे तुमचं बरोबर. पोस्टमध्ये टाकते.

आता न्यूट्रल-अर्थिंग. मेन पॅनलमध्ये एकत्र येतात ना, मग बास, तेवढी एकच जागा! ट्रेलरला वीज बाहेरून येते, म्हणजे त्याचं पॅनल सबपॅनल झालं, मेन पॅनलवरून वीज घेणारं दुय्यम पॅनल. तिथेही जोडलेत की न्यूट्रलमधून परत जायचा करंट वाटला जातो, थोडा अर्थिंगच्या हिरव्या वायरमधूनही जातो. बाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय (करंट भलतीकडे गळतोय असं दिसताच वीज तोडणारं संरक्षक उपकरण) असेल तर तो ट्रिप होतो, आणि लोक काय करतात, तर जीएफसीआयलाच खराब ठरवून काढून टाकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि सॉकेटला अर्थिंग धड नाही, त्यात न्यूट्रल सुटली, तर ट्रेलरचा अख्खा पत्रा १२० व्होल्टवर जातो. चाकं रबराची, त्यामुळे आत बसलेल्याला काही कळत नाही. एसी बंद का पडला बघायला माणूस उतरतो, एक पाय ओल्या गवतावर, हात दाराच्या कडीवर, झालं. एका कॅम्पात शेजारच्या ट्रेलरच्या कडीचा असा झटका मला बसलाय, हात खांद्यापर्यंत बधिर झाला होता. ह्याला तुम्ही घाबरवणं म्हणता?

बाकीच्या मुद्द्यांवर वाद घालत बसत नाही. १२ गेजची वायर ३० अँपला बारीक पडते, चालत नाही; तांब्याची, तिच्याहून जाड १० गेजच. आणि ड्रायरचं सॉकेट २४० व्होल्टचं, ट्रेलरचं ३० अँपचं सॉकेट, म्हणजे टीटी-३०, हे १२० चं. ते असं जोडायचं: काळी फेज पितळी स्क्रूला, पांढरी न्यूट्रल चंदेरीला, हिरवी हिरव्याला. ड्रायरसारखं जोडलंत तर आतला मायक्रोवेव्ह आणि कन्व्हर्टर (ट्रेलरच्या बॅटरीसाठी १२ व्होल्ट करून देणारा) जळणार, मग मला विचारायला येऊ नका.

तुमच्या ट्रेलरमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग खरंच जोडलेले असतील तर आजच कॉर्ड काढा, पॅनल उघडा आणि वेगळे करा. उत्तर नंतर लिहिलंत तरी चालेल.